मागच्या शेडला काय घालावं: पेव्हर, कोबा की शहाबाद?

ऐरोलीच्या आमच्या रो-हाउसमागे आठ बाय दहाची पत्र्याची शेड आहे. सायकली, कुदळ-फावडं, खताची पोती, ड्रिल, पान्यांची पेटी, सगळं तिथेच. तिच्या जमिनीवर मी दोनदा खर्च केला. आधी पेव्हर ब्लॉक घातले, तीन पावसाळ्यांनंतर ते काढून शहाबादी दगडाची फरशी.

पेव्हरला वाईट म्हणवत नाही. दोन माणसांनी एका दिवसात बसवले, पाणी मारायची कटकट नाही. शेडखालून ड्रेनेजचा पाइप जात असेल तर ब्लॉक उचलायचे, काम करून घ्यायचं आणि पुन्हा जागेवर बसवायचे. ही सोय बाकी कशातच नाही.

पण मुंग्या! ब्लॉकखाली क्रशरची भुकटी पसरलेली असते, ती त्या कणाकणाने फटींतून वर आणतात. सकाळी झाडावं तर संध्याकाळी फटीफटीशी पुन्हा बारीक ढिगारे. उघड्या अंगणात पाऊस ते धुऊन नेतो, शेडमध्ये ते तसेच राहतात. भुकटी सायकलच्या तेलकट चेनला चिकटायची, पेटीच्या बिजागरीत शिरायची. मुंग्यांची पावडर टाकून पाहिली, फटींत कोरडं सिमेंट भरलं. महिना-दोन महिने बरं वाटायचं. मग खालून पोकळ झालेले ब्लॉक दबले आणि कपाटाचा एक पाय अधांतरी राहिला. जुलैत त्याच फटींतून ओल यायची, पोत्यांची बुडं काळी पडायची. खाडीजवळची जमीन आमची, मोठ्या पावसात भरती आली की पाणी लवकर ओसरत नाही.

कोबा, म्हणजे सिमेंटची सलग घोटलेली जमीन, मेव्हण्याकडे कळव्याला आहे. फटच नाही, म्हणजे मुंग्यांचा विषय संपला. नीट घोटला आणि निदान सात दिवस ओला ठेवला तर चांगला टिकत असावा. त्याच्याकडे पाणी मारायचं राहून गेलं, आता झाडू लावला की सिमेंटची धूळ उठते. एवढ्याशा कामाला गवंडी रोज फिरकत नाही, पाणी घरच्यांनीच मारावं लागतं. ते जमणार असेल तर कोब्याला माझी हरकत नाही.

शहाबाद घालताना मी जोतं सहा इंच उचललं. खाली जाड प्लास्टिक, त्यावर चार इंच पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट), वर खरबरीत फरशी, सांधे सिमेंटने भरलेले, दाराकडे थोडा उतार. तेव्हापासून झाडलेली जमीन झाडलेलीच राहते. फरशी थोडी उंचसखल असते, कपाटाखाली पाचर द्यावी लागली. दमट दिवसांत तिलाही घाम सुटतो, म्हणून पोती अजून फळ्यांवरच ठेवतो.

खाली पाइप किंवा चेंबर असेल, नाहीतर घर भाड्याचं असेल, तर पेव्हरच बरे. एरवी मी तरी शहाबादच सांगेन. फक्त पॉलिशची घेऊ नका, ओल्या चपलांनी पाय सरकतो. आणि सांधे भरताना सांडलेलं सिमेंट ओलं असतानाच पुसून घ्या. नंतर डाग काढायला कोणी अ‍ॅसिड सुचवेल, पण शहाबाद चुनखडीचा दगड आहे, अ‍ॅसिड त्याला खातं.