व्हर्टस जीटी १.५: पॉवरची पावती नेमकी कुठं फाटते

मागच्या आठवड्यात संभाजीनगरहून परत आलो, विरुळच्या इंटरचेंजला समृद्धीवरून खाली उतरलो आणि आर्वीत शिरण्याआधी टाकी पुन्हा फुल केली. निघतानाही याच पंपावर, याच नोझलवर फुल केली होती. भागाकार केला तर लिटरला १८.८ किलोमीटर. दीडशे पीएसची (म्हणजे साधारण तेवढ्याच हॉर्सपॉवरची) फोक्सवॅगन व्हर्टस, मे महिना, पूर्ण वेळ एसी, चार माणसं, डिकीत तुरीच्या डाळीचं पोतं आणि जाताना वाळवणाचे डबे. लाँचच्या वेळी जाहीर झालेला एआरएआयचा, म्हणजे मायलेजची अधिकृत चाचणी करणाऱ्या संस्थेचा, आकडा १८.६७ होता. तो आकडा आपल्या हातून, आपल्या उन्हाळ्यात निघेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणून दसऱ्यापासूनचा सगळा अनुभव लिहितोय.

स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ असतात, ते पुन्हा लिहीत नाही. माझी १.५ टीएसआय डीएसजी, म्हणजे दीड लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअर. चुलत भावाकडे याच गाडीचं एक लिटरचं ऑटोमॅटिक मॉडेल आहे, ११५ पीएसचं. त्यामुळे तुलना घरातच होते, आणि ती आम्ही दोघांनी बारकाईनं केली आहे.

गाडी दारात आली त्या दिवशी मामाजी म्हणाले, "येवढी पावर घेऊन करता काय जवाईबापू? पेट्रोल पिऊन पिऊन कंगाल करन हे गाडी." आमच्या भागात हा समज पक्का आहे: पॉवर जास्त म्हणजे पेट्रोल जास्त. कपाशीच्या सीझनमध्ये मामाजींचं म्हणणं खरं ठरतंय असं मलाही वाटत होतं. घर ते दुकान, दुकान ते जिनिंग, मधेच पुलगाव, मधेच वर्धा. गावागणिक स्पीडब्रेकर, पुढे कापसाची ट्रॉली, मागून एसटी. तेव्हा अ‍ॅव्हरेज साडेदहाच्या वर सरकत नव्हतं. त्यात 'टू सिलिंडर मोड' हे प्रकरण मला नुसतं ब्रोशरमधलं वाटायचं, कारण मीटरमध्ये ती अक्षरं क्वचितच दिसायची.

आता मात्र माझं सगळं लक्ष त्याच अक्षरांवर असतं. घरचे वैतागतात, पण या गाडीत समजून घेण्यासारखी हीच एक गोष्ट आहे असं माझं ठाम मत झालंय.

इंजिन चार सिलिंडरचं. पेडलवर पाय हलका असला की मधले दोन, म्हणजे दुसरा आणि तिसरा, गाडी स्वतः बंद करते. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावर, म्हणजे कॅमशाफ्टवर, सरकणाऱ्या बाह्या आहेत. त्या सरकल्या की व्हॉल्व्हवर उंचवटा नसलेला कॅम येतो आणि व्हॉल्व्ह उघडतच नाहीत. त्या दोन सिलिंडरमध्ये पेट्रोल जात नाही, ठिणगी पडत नाही. आत अडकलेली हवा स्प्रिंगसारखी दबते आणि फुलते, बस्स. उरलेले पहिला आणि चौथा सगळं काम ओढतात. आता कुणी विचारेल, काम तेवढंच तर पेट्रोल वाचतं कसं? पेट्रोल इंजिन कमी भारावर चालतं तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, जवळजवळ बंद असतो आणि त्या फटीतून हवा ओढण्यातच इंजिनची ताकद वाया जाते. दोनच सिलिंडरनी तेवढंच काम करायचं तर थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, हवा सहज आत येते, वाया जाणारी ताकद वाचते. बचत तिथे आहे.

हे कळायला कान लावावा लागतो. पहिला आणि चौथा आळीपाळीनं पेटतात, म्हणजे इंजिनच्या प्रत्येक पूर्ण फेऱ्याला एकच ठिणगी. आवाजाला किंचित घुमारा येतो. रेडिओ बंद असेल, काचा वर असतील, तर जाणवतो. पाय थोडा दाबला की चारही सिलिंडर चालू. झटका अजिबात नाही.

कल्पना नवी नाही. कॅडिलॅकनं १९८१ मध्ये आठ-सहा-चार असं सिलिंडर बंद करणारं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन काढलं होतं. तेव्हाच्या कॉम्प्युटरला ते झेपलं नाही आणि बहुतेक मॉडेलमधून वर्षभरातच ते काढून टाकावं लागलं. पण पुढे लॅम्बोर्गिनीच्या अ‍ॅव्हेंटाडोरमध्ये बारापैकी सहा सिलिंडर झोपवायची सोय आली, सातव्या पिढीच्या कॉर्वेटचं व्ही-८ चारवर चालायला लागलं. म्हणजे जिथं पैशाला तोटा नाही अशा स्पोर्ट्स कारवाल्यांनाही पेट्रोलचा विचार करावा लागला. आपण तर शेतकरी माणसं.

आता मुख्य हिशेब. अशा सेडानला सपाट रस्त्यावर १०० च्या स्पीडला धावायला किती पॉवर लागत असेल? साधारण १५ ते २० हॉर्सपॉवर. एवढीच. १२० ला पंचवीसच्या आसपास. म्हणजे माझ्या १५० मधले सव्वाशे घोडे समृद्धीवर नुसते उभे असतात, आणि उभा घोडा चारा खात नाही. चुलत भावाच्या ११५ मधलेही नव्वद उभेच असतात. मग दोघांच्या पेट्रोलमध्ये फरक पडावा कशाला? पडतही नाही. हिवाळ्यात दोघं मागेपुढे १०० वर गेलो, दोघांनीही टाक्या फुल करून मोजलं. माझी थोडी पुढेच निघाली. त्याला ते पटेना, म्हणून परतताना गाड्या अदलाबदल करून आलो. निकाल तोच.

फरक पाडतो तो वेग. समृद्धीवर सपाटीला १२० ची मर्यादा आहे आणि तो सरळ काँक्रीटचा पट्टा पाहून पाय आपोआप दाबला जातो. पण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानं वाढतो: १०० चे १२० केले की अडथळा ४४ टक्के जास्त. त्यात मीटरमधली ती अक्षरंही टिकत नाहीत. १०० ला सपाटीवर 'टू सिलिंडर मोड' दीर्घ वेळ राहतो, कारंजा लाडच्या पुढे उतार असला की तर बराच वेळ. १२० ला जरा चढ आला की गेला, पुन्हा आला, पुन्हा गेला. माझं १२० चं अ‍ॅव्हरेज १५.६ आलं. साडेतीनशे किलोमीटरला ३५ मिनिटं वाचतात आणि चारशे रुपये जातात. ज्याला ती ३५ मिनिटं महत्त्वाची त्यानं जावं, पण मग गाडी पेट्रोल पिते म्हणू नये. टोल वेगळाच, किलोमीटरला दोन रुपयांच्या वर.

उन्हाळ्यात मात्र मत थोडं बदलावं लागलं. पारा ४५ च्या वर गेला की एसीचा कॉम्प्रेसर सुटीच घेत नाही. हिवाळ्यात पुलगाव रोडला ६० ते ७० वर दोन सिलिंडरचा मोड सहज लागायचा, आता तो तिथं फारसा लागत नाही. भर दुपारी गाडी शेडमधून काढून गावातल्या गावात फिरवली तर अ‍ॅव्हरेज नवावर येतं. ही सोय लांबच्या, एकसंध चालीच्या रस्त्यासाठी आहे. गावातल्या तीन किलोमीटरच्या फेरीत इंजिन गरम होईपर्यंत घर येतं. तिथे मोठं इंजिन खरंच जास्त पितं. चुलत भावाला तालुक्याच्या रस्त्यावर साडेबारा मिळतं, मला साडेदहा. हा फरक मान्य करायलाच हवा.

इथेनॉलचंही सांगतो. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत लिटरमागे ऊर्जा एक तृतीयांश कमी असते. २० टक्के मिसळलं की इंधनातली ऊर्जाच सहा-सात टक्के कमी होते. ई-२० साठी ट्यून केलेलं इंजिन त्यातलं काही भरून काढतं, कारण इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली अवेळी न पेटण्याचा गुण, चांगला. मका पिकवणाऱ्याला भाव मिळावा हे मलाही हवं आहे. पण कमी ऊर्जेच्या इंधनाला पूर्ण भाव मोजायचा, हे मला खटकतं आणि खटकत राहील.

आता पैसा. पेट्रोल १०५ रुपये धरा. वर्षाला १५ हजार किलोमीटर धरा, अर्धे समृद्धीवर, अर्धे तालुक्यात. समृद्धीवर माझं साडेअठरा, भावाचं अठरा. तालुक्यात वर दिलेले आकडे. वर्षाला मला १०३ लिटर जास्त लागतं. पावणेअकरा हजार रुपये. आणि ते सगळे तालुक्याच्या रस्त्यावर जातात, समृद्धीवर उलट थोडे वाचतात.

आता दुसरी बाजू. आमच्या दोघांच्या गाड्यांत ऑन-रोड अडीच लाखांचा फरक पडला. ते पैसे सात टक्क्यांनी बँकेत ठेवले असते तर वर्षाला साडेसतरा हजार आले असते. त्या फरकात रोड टॅक्सही आला; तो किमतीच्या टक्क्यात असतो, म्हणजे महाग मॉडेलवर तोही जास्त. विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता सीसीवर ठरतो: हजार सीसीपर्यंत २०९४ रुपये, हजार ते दीड हजारपर्यंत ३४१६. भावाचं इंजिन ९९९ चं, माझं १४९८ चं. म्हणजे पॉवरची खरी पावती शोरूममध्ये फाटते, पंपावर जी फाटते ती त्यापुढे लहान. लोक मात्र शोरूममध्ये अडीच लाखांची सही करताना विचार करत नाहीत आणि पंपावर दोन लिटरसाठी हळहळतात.

मग घेतली का? तळेगावच्या बाजूच्या दोन पदरी रस्त्यासाठी. पुढे कापसानं फुगलेला ट्रक, त्याच्या मागे तुम्ही, समोरून मोकळी जागा मिळते ती थोडीच. पाय दाबला की गिअर खाली येतो आणि २५० एनएम टॉर्क, म्हणजे ओढण्याची ताकद, १६०० आरपीएमपासूनच हजर. गाडी बाजूला निघते, ट्रकच्या चाकांचा आवाज डाव्या खिडकीतून मागे सरकतो आणि समोरची गाडी अजून लांब असतानाच मी माझ्या लेनमध्ये परत आलेलो असतो. बायको शेजारी बसलेली असताना हे सुरक्षित वाटतं. भावाची गाडीही ओव्हरटेक करते, पण तिला जागा जास्त लागते, आणि चार माणसं असली की तो बरेचदा थांबतो. हा फरक मी पैशात मांडू शकत नाही. मांडायचाही नाही.

टायरचं एक सांगतो, कारण त्यावरून माझं भांडण झालं. समृद्धीला निघण्याआधी गावातल्या एका टायरवाल्याकडे हवा पाहायला थांबलो. "भाऊ, चाळीस मारून देतो, अ‍ॅव्हरेज वाढते पाहा." गाडीवर लिहिलेला आकडा त्याला दाखवला. तो ऐकायला तयार नाही, म्हणे सगळे असंच मारतात. मे महिन्यातलं काँक्रीट, सलग तासभर १०० चा वेग. आतली हवा तापून दाब वाढतच असतो. वरून आधीच जास्त भरलेली. टायरचा फक्त मधला पट्टा जमिनीला लागतो, पकड कमी, ब्रेकचं अंतर जास्त. थोडं पेट्रोल वाचवायला जिवावर खेळायचं? त्याच्याकडून जास्तीची हवा काढून घेतली, गाडीवरच्या आकड्यावर आणली आणि घरी येऊन माझ्या गेजनं पुन्हा तपासली. टायर थंड असताना, सकाळी मोजा. कमी हवाही तितकीच वाईट, ती टायर जास्त तापवते आणि पेट्रोलही खाते.

शेताकडे ही गाडी नेत नाही. ग्राउंड क्लिअरन्स १७९ मिमी आहे, चार माणसं बसली की तो कमी होतो, आणि आमच्या पांदणीला पावसाळ्यात ट्रॅक्टरशिवाय काही जात नाही. त्यासाठी मोटरसायकल आहे. दुकानाच्या फेऱ्याही आता मोटरसायकलवर करतो, तालुक्यातला तो पावणेअकरा हजारांचा खड्डा तिथेच निम्मा बुजतो.

मीटरमध्ये एक गोष्ट हवी होती: एकूण किती किलोमीटर दोन सिलिंडरवर गेले त्याची मोजदाद. अक्षरं दिसतात, हिशेब दिसत नाही. ज्या सोयीचे पैसे मोजले तिचा हिशेब मालकाला मिळाला पाहिजे.

भावाचा मुलगा सध्या नागपुरात जुनी दोन लिटरची टर्बो सेडान बघतोय आणि रोज फोन करतो. त्याला एवढंच सांगितलं की दीड हजार सीसीच्या वर गेलास की थर्ड पार्टीचा हप्ता एकदम ७८९७ होतो, आणि त्या गाडीत सिलिंडर बंद करायची सोय आहे का ते आधी बघ. आणि तू महिन्यात वर्ध्यापर्यंत किती जातोस आणि कॉलेजच्या गेटपर्यंत किती, ते मला लिहून पाठव. मग आकडा काढून देतो.