एंडोस्कोपी: घशात फवारा की हाताला सुई?

काउंटरवरची ताई मान वर न करता विचारते, "साधी करायची का भुलीची?" मागे रांग असते, आपण रात्रीपासून उपाशी असतो. अशा वेळी माणूस 'भुलीची' म्हणून मोकळा होतो. मी दोन्ही करून बसलोय. पहिली परभणीला, नुसता घशात फवारा मारून. दुसरी तीन वर्षांनी संभाजीनगरला, शिरेतून झोपेचं औषध घेऊन. तपासणी एकच, ओजीडी स्कोपी. तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात बघायची. नळी किती लांब, उपाशी किती तास हे चिठ्ठी हातात पडलेल्याला पाठच झालेलं असतं, त्यात शिरत नाही.

माझं सेलूला कृषी सेवा केंद्र आहे. फवारणीचे पंप विकण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण फवारा आपल्याच घशात बसायची ती पहिलीच वेळ. औषध लिग्नोकेनचं. चव कडवट, वरून केळ्यासारखा काहीतरी खोटा वास. मिनिटाभरात घसा लाकडाचा झाला. गिळलेलं कळेना, आणि गिळलेलं कळत नाही म्हटल्यावर श्वासही बंद पडणार असं मनानं घेतलं. पडत नाही, तो चालूच असतो. सिस्टर कानाशी सांगत होत्या, "काका, नाकानं श्वास घ्या, लाळ गिळू नका, बाहेर येऊ द्या." डाव्या कुशीवर निजलेलो, दातांत प्लास्टिकचं कडं. नळी घशाच्या वळणावर आली तशी उबळ आली. एकूण तीन उबळी, मी मोजल्यात. डोळ्यांतून पाणी आलं. पुढे पोटात हवा भरतात तेव्हा जे ढेकर निघाले ते चारचौघांत सांगण्यासारखे नाहीत.

लहानपणी जत्रेत डोंबाऱ्याला मान मागे टाकून तलवार गिळताना बघितलं होतं. जठरात पहिल्यांदा डोकावायची खटपट नेमकी तशीच झालीय: १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नावाच्या डॉक्टरनं तलवार गिळणाऱ्या कलावंतालाच बोलावलं आणि त्याच्या घशातून सरळ, कडक नळी खाली सोडली. आजची नळी करंगळीएवढी आणि पाहिजे तिकडं वळणारी. त्या माणसाची आठवण ठेवली की तीन उबळींची तक्रार करायला जीभ रेटत नाही.

अवघड भाग एखाद-दोन मिनिटांचा. पुढं पडदा समोर होता आणि मी जागा होतो. माझ्याच पोटाचं अस्तर, ओलं, गुलाबी, घड्या पडलेलं. नळी परत काढताना डॉक्टर म्हणाले, "ही झडप बघा. घट्ट मिटायला पाहिजे, मिटत नाही." रिपोर्टात त्यालाच 'लॅक्स एलईएस' लिहितात. अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू सैल पडलेला, म्हणून खालचं आम्ल वर येतं. मला लगेच कळलं. पंपाचा वॉशर सैल झाला की दाब टिकत नाही, पाणी उलटं येतं, हे मी गिऱ्हाइकांना दररोज सांगतो. रात्रीचं जेवण लवकर, जेवल्यावर तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा लावून उंच करायची, हे तिथंच, कपडे सावरता सावरता ऐकलं आणि आजतागायत लक्षात आहे. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत पाण्याचा घोटही नाही, एवढंच पथ्य. मग स्टँडसमोर चहा, एसटीनं परत, आणि दुपारी दुकान उघडं.

आता भुलीची. खोटं कशाला बोलू, त्रास शून्य. हाताला सुई, बोटाला चिमटा, नाकाला ऑक्सिजनची नळी. डॉक्टरांनी विचारलं, यंदा काय पेरा आहे तुमच्याकडं? मी म्हटलं, सोयाबीन. यापुढचं मला आठवतं ते एवढंच की मी दुसऱ्याच खोलीत आहे आणि मेव्हणा शेजारी बसून केळी खातोय. उबळ नाही, ढेकर नाही, लाज नाही. इथवरच बघायचं असेल तर निकाल लागला, सुई घ्या.

माझं बिनसलं ते यानंतर. बाहेर रिक्षात बसल्यावर मेव्हण्याला विचारलं, डॉक्टर काय म्हणाले? तो म्हणाला, "काही नाही दाजी, गॅस हाय म्हणले." आमच्याकडं गॅस म्हणजे काय नाही? आंबट ढेकर गॅस, पोट फुगलं गॅस, छातीत कळ आली तरी आधी गॅसच. मी म्हटलं, डॉक्टर दहा मिनिटं बोलले असतील, एवढंच? त्यावर तो माझ्यावरच उलटला. "तुमच्यासमोरच तर सांगितलं सगळं. तुम्ही बसून हो हो म्हणत होता की!"

मी बसलो होतो, हो म्हणत होतो, आणि मला त्यातलं अक्षर आठवत नव्हतं. अजूनही नाही. मला दिलं होतं ते औषध मिडाझोलम, आणि त्याचा गुणच हा. माणूस बोलतो, उत्तरं देतो, पण त्या वेळची आठवण आत उमटत नाही. नळीचा त्रास पुसला जातो तो यामुळंच. पण पुसणारा हात नळी निघाली म्हणून थांबत नाही, पुढचा तासभरही पुसत राहतो. आणि डॉक्टर बोलायला येतात ते त्याच तासात.

हे नुसतं रुसणं असतं तर लिहिलं नसतं. त्या वेळी जठराचा छोटा तुकडा काढून आरयूटी, म्हणजे जंतू शोधायची झटपट चाचणी, केली होती. तुकडा पिवळ्या जेलीत ठेवतात. एच पायलोरी हा जठराला सूज आणणारा जंतू असेल तर तो युरियापासून अमोनिया करतो आणि जेली गुलाबी होते. (हाच तो जंतू, जो बॅरी मार्शल या डॉक्टरनं १९८४ साली ऑस्ट्रेलियात स्वतः पिऊन दाखवला, २००५ साली त्याला आणि रॉबिन वॉरनला नोबेल मिळालं.) माझी जेली पिवळीच राहिली. रिपोर्टात 'इरोझिव्ह अँट्रल गॅस्ट्रायटिस', म्हणजे जठराच्या खालच्या भागाचं अस्तर सुजून खरवडलेलं, आणि खाली 'आरयूटी निगेटिव्ह'. जंतू नाही, सुटलो, असं मी समजलो. चार महिने जळजळ तशीच. रोज सकाळची पँटोप्राझोल, म्हणजे आम्ल कमी करणारी गॅसची गोळी, चालूच.

शेवटी गावातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि पहिला प्रश्न टाकला, "तपासणीच्या आधी गॅसची गोळी बंद केली होती का?" केली नव्हती. आरयूटीच्या आधी ही गोळी दोन आठवडे आणि कुठलंही अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जंतू असून निगेटिव्ह येऊ शकतं. मी मेव्हण्याला फोन लावला. तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "हां, गोळी बंद करून परत कायतरी तपासा, असं म्हणले होते खरं."

म्हणजे सांगणाऱ्यानं सांगितलं होतं. मेव्हण्यानं ऐकलं, पण त्याचं पोट दुखत नव्हतं. आणि ज्याचं दुखत होतं तो हो हो म्हणत बसला होता. दोन आठवडे गोळी सोडून शौचाची अँटिजेन चाचणी केली, पॉझिटिव्ह आली. पुढं १४ दिवसांचा कोर्स.

बाकीचे फरक माझ्या लेखी किरकोळ. भुलीचं बिल जास्त होतं. सोबत माणूस लागतोच, एकट्याला सोडत नाहीत. २४ तास गाडी चालवायची नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही. ऐन जूनमध्ये बियाण्याच्या ऑर्डरीवर सही करायची नाही म्हणजे काय, हे दुकानदारालाच कळेल. अर्थात जूनमध्ये तपासणी ठरवली ही माझी चूक.

सरसकट मात्र मी फवारा कोणाला सुचवणार नाही. दात घासतानाही ज्यांना ओकारी येते, जे दवाखान्याच्या पायरीवरच घामाघूम होतात, त्यांनी हौसेनं फवाऱ्याच्या वाटेला जाऊ नये. अर्ध्यात नळी ओढून काढली तर तपासणीही वाया. रक्ताच्या उलट्या, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबरी बँड लावणं, पित्तनलिकेतला खडा काढणं, यात निवड आपली नसतीच, डॉक्टर म्हणतील तसं. मोठ्या आतड्याची कोलोनोस्कोपी हा तर निराळाच विषय, तिथं मी स्वतः सुईच मागेन. भूलतज्ज्ञ उभे राहून प्रोपोफॉल हे भुलीचं दुसरं औषध देतात तिथं माणूस लवकर भानावर येतो म्हणतात. मी ते घेतलेलं नाही. उलट ज्यांना श्वासाचा किंवा हृदयाचा जुना आजार आहे त्यांनी भुलीला हो म्हणायच्या आधी तो तोंडानं सांगावा, फाइलीत असेल म्हणून गप्प बसू नये.

पण धडधाकट माणूस, साधी बघायची तपासणी, आणि दोन मिनिटं दात आवळून धरायची तयारी असेल, तर मला विचाराल तर फवारा. आणि सुई घ्यायची ठरलीच, तर डॉक्टर बोलायला येतील तेव्हा मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करू का, असं त्यांना आधीच विचारून ठेवा. सोबत कोणाला न्यायचं हे घरात जो मोकळा असेल त्यावर ठरवू नका.

पुढच्या गुरुवारी बायकोची स्कोपी आहे. तिला चमचाभर पातळ औषध घशाखाली उतरत नाही, त्यामुळे भुलीचीच ठरली आणि ते बरोबरच आहे. पँटोप्राझोल मागच्याच आठवड्यात बंद केलीय, कॅलेंडरवर खूण आहे. सोबत मेव्हणा येतो म्हणत होता. म्हटलं, तू दुकान सांभाळ.