पेट्रोलची टाकी गळतेय: डाख, अस्तर की नवी टाकी?

एमजीबी किंवा एमजी मिजेटसारख्या जुन्या छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये पेट्रोलचा वास यायला लागला की संशय थेट टाकीवर जातो. टाकी उतरवण्याआधी फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या भागाच्या) तबकडीखालचं रबर, तळाच्या निचरा-बोल्टचं वायसर आणि टाकीतून निघणारे रबरी पाइप बघा. वास फक्त टाकी पूर्ण भरल्यावरच येत असेल, तर दोष बहुतेक वरच्या भागात किंवा भरण्याच्या नळीच्या जोडात असतो.

टाकीच गळत असेल, तर दुरुस्ती निवडण्याआधी गंज बाहेरून आत गेलाय की आतून बाहेर आलाय हे ठरवायला हवं. माझ्या मते अर्धा निर्णय इथेच होतो. एमजीबीची टाकी डिकीच्या तळाखाली असते. दोन पत्र्यांमधल्या फटीत चिखल बसतो, ओल धरून ठेवतो आणि टाकीचा वरचा पत्रा खाऊन टाकतो. खालून पाहिलं तर टाकी ठणठणीत दिसते! ट्रायम्फ स्पिटफायर या तशाच जुन्या गाडीची टाकी डिकीच्या आत, सीटांच्या मागे असते. तिथे रस्त्याचा चिखल पोचत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत पाणी साचून आतून धरलेल्या गंजाचा संशय आधी घ्यावा.

इपॉक्सी पुट्टीला, म्हणजे भोकावर लिंपून कडक होणाऱ्या लांबीला, मी दुरुस्ती मानत नाही. गाडी घरापर्यंत आणायला ती ठीक आहे, पण पेट्रोल आणि हादरे यांच्यापुढे तिची पकड कधी सुटेल याचा भरवसा नाही.

डाख देणं, म्हणजे कथील-शिशाचा मिश्रधातू वितळवून भोक बुजवणं, हा जुना आणि अजूनही उत्तम उपाय आहे, मात्र पत्रा धड असेल तरच. शिवणीतून (पत्र्यांच्या सांध्यातून) पाझर आहे किंवा एखादंच बारीक भोक आहे आणि आजूबाजूचा पत्रा टोचून पाहिल्यावर दबत नाही, तर डाख घ्या. 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिशाचा डाख 183 अंश सेल्सियसला वितळतो, म्हणजे वेल्डिंगच्या मानाने उष्णता फारच कमी लागते. तरीही हे काम घरी करू नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, कारण हवेत पेट्रोलची वाफ साधारण 1.4 ते 7.6 टक्के असली की ती पेट घेते, आणि एकदा पाण्याने विसळलेल्या टाकीत तेवढी वाफ सहज उरते. शिवणीत आणि आतल्या चिकट थरात मुरलेलं पेट्रोल टाकी तापली की पुन्हा बाहेर येतं. टाक्या नीट वाफारून, धुऊन काम करणाऱ्या कारागिराकडेच द्या. एकाच्या जागी दहा भोकं असतील, तर एक बुजवताना शेजारचं उघडतं. तिथे डाखाचा नाद सोडा.

आतून अस्तर, म्हणजे टाकीत पसरून घट्ट होणारा द्रव, ओतण्याचा मोह सगळ्यांत मोठा असतो: डबा उघडा, ओता, टाकी फिरवा, झालं. खरं काम त्याच्या आधीचं आहे. गंज काढायला सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्ल वापरतात, नाहीतर टाकीत धुण्याच्या सोड्याचं पाणी भरून बाहेरून बॅटरी चार्जर जोडतात: टाकीला ऋण टोक, आत सोडलेल्या साध्या लोखंडी सळईला धन टोक, आणि सळई टाकीला कुठेही टेकू द्यायची नाही. स्टेनलेस सळई वापरू नका, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. यात हायड्रोजन सुटतो, म्हणून हे काम उघड्यावरच करा. नंतर टाकी पूर्ण कोरडी व्हायला हवी. तेलाचा पुसट थर किंवा थोडी ओल राहिली की अस्तर काही काळाने पापुद्र्यांनी सुटतं आणि पेट्रोल ओढणारी नळी चोंदते. आतल्या आडव्या पत्र्यांमागे ते नीट पोचलं की नाही, हेही दिसत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोल काही जुनी अस्तरं मऊ करतं, त्यामुळे तुमचं अस्तर त्यात टिकतं असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलं हवं. शिवाय एकदा अस्तर बसलं की पुढे डाख देणं अवघड होतं, आणि ते सोलून काढणं तर महाकष्टाचं.

म्हणून आत नुसता हलका गंज असेल आणि गळती नसेल, तर गंज काढा, चांगला फिल्टर लावा आणि अस्तराच्या वाटेला जाऊ नका. अस्तर मी फक्त अशा गाडीसाठी सुचवीन जिची टाकी कुठेच मिळत नाही, आणि तेही कारागिराने कुजलेला पत्रा कापून नवा बसवल्यानंतर.

एमजीबी, मिजेटसारख्या गाड्यांच्या टाक्या नव्याने बनवून विकल्या जातात. वरचा पत्रा चाळण झालेला असेल तर दुसरा विचार करू नका, नवीच घ्या. जुन्या टाकीशी ताडून बघा: फ्लोटचं भोक, नळ्यांच्या जागा, हवा जाण्याची वाट. बसवण्याआधी वरच्या बाजूला रंगाचा जाड थर द्या आणि डिकीचा तळही खरवडून तपासा, कारण त्याच चिखलाने तोही खाल्लेला असतो. फटीत स्पंज भरू नका, तो पाणी पितो. पाणी न शोषणाऱ्या भरीव रबराच्या पट्ट्या लावा.