डेलावेअरच्या अलीकडे की पलीकडे: हरणाचा पहिला सीझन न्यू जर्सीत करावा की पेनसिल्व्हेनियात?

डेलावेअर वॉटर गॅपपाशी नदीचा पूर्वेकडचा काठ न्यू जर्सीचा आणि पश्चिमेकडचा पेनसिल्व्हेनियाचा. तिथली व्हाइटटेल हरणं ही नदी सहज पोहून जातात. शिकाऱ्याला मात्र ती ओलांडली की लायसन्स बदलावं लागतं, बरेचदा हत्यार बदलावं लागतं, आणि आपण तिथे कशासाठी आलो आहोत हेही नव्याने समजून घ्यावं लागतं.

मध्य न्यू जर्सीत राहणारे मराठी मित्र उन्हाळा संपत आला की मला हा प्रश्न विचारतात: यंदा एकदा हरणाच्या शिकारीला जायचंय, इथेच जाऊ की पेनसिल्व्हेनियात? मी गेली काही वर्षं दोन्हीकडे जातोय. माझं उत्तर नेहमी एका उलट प्रश्नाने सुरू होतं: त्या राज्याला तुमच्याकडून काय हवंय?

हे आधी समजून घ्यायला हवं, कारण आपल्या डोक्यात भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा असतो. शिकार म्हणजे गुन्हा, हे आपल्याला लहानपणापासून माहीत. इथे सीझन ही राज्याने आखलेली कामगिरी आहे. १९०० च्या सुमाराला पेनसिल्व्हेनियात हरीण जवळजवळ उरलं नव्हतं. १८९५ साली कायद्याने गेम कमिशन, म्हणजे शिकार आणि वन्यप्राण्यांचं राज्याचं खातं, स्थापन झालं, १९०६ पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं विकत आणून सोडली गेली, माद्यांना संरक्षण मिळालं. हरणं वाढली, मग इतकी वाढली की जंगलातली कोवळी रोपं वर यायच्या आत संपू लागली. मोठी झाडं उभी आणि त्यांच्या खाली नुसतं नेचं, असं जंगल पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनोज डोंगरांत आजही दिसतं. त्या झाडांची पुढची पिढी हरणांनी खाल्लेली असते. लांडगा आणि प्यूमा इथून कधीच गेले. त्यामुळे हरणांची संख्या आवरायचं काम लायसन्स घेतलेल्या माणसाकडे आलं. कमिशनचा खर्च राज्याच्या सर्वसाधारण करातून चालत नाही. तो लायसन्सच्या पैशातून, गेम लँड्सवरच्या, म्हणजे त्याच्या ताब्यातल्या शिकारीच्या जमिनींवरच्या, लाकूड आणि गॅसच्या उत्पन्नातून, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याखाली बंदुका-काडतुसांवर जो केंद्रीय कर बसतो त्यातून निघतो.

न्यू जर्सीची गरज वेगळी आहे. देशातलं सर्वात दाट वस्तीचं राज्य. हरणं लोकांच्या मागच्या अंगणात, हायवेच्या कडेला, हंटरडन आणि सॉमरसेट काउंटींच्या शेतांत. तिथे राज्याला माद्या कमी करून हव्यात, आणि नियम तसेच लिहिलेत. राज्याचे डीअर मॅनेजमेंट झोन पाडलेत. काही झोनमध्ये ‘अर्न अ बक’ आहे, म्हणजे आधी बिनशिंगी हरीण पाडा, मगच शिंगाळ्या नरावर हक्क. काही झोनमध्ये माद्यांना मर्यादाच नाही. भिंतीवर शिंगं लावायचं स्वप्न घेऊन येणाऱ्याला हे खटकतं. मला ते पटतं. कळप किती वाढणार हे माद्यांच्या संख्येवर ठरतं, नरांच्या नाही.

आता दिवसांचा हिशोब. आठवडाभर नोकरी करणाऱ्याचा निर्णय बहुतेकदा इथेच होतो.

न्यू जर्सीत धनुष्याचा काळ काही झोनमध्ये सप्टेंबरातच सुरू होतो आणि वेगवेगळे सीझन मिळून फेब्रुवारीपर्यंत चालतो. मधे मझलोडरचे (नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी भरायची बंदूक), शॉटगनचे परमिट सीझन, आणि डिसेंबरच्या पूर्वार्धात सोमवार ते शनिवार असा नरांचा सहा दिवसांचा बंदुकीचा सीझन. रविवारी बंदुकीने हरणाची शिकार नाही, पण धनुष्याने खाजगी जमिनीवर आणि राज्याच्या वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरियांत (शिकारीला खुल्या सरकारी जमिनींवर) २००९ पासून परवानगी आहे. म्हणजे धनुष्य किंवा क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून चाप ओढायचं आडवं धनुष्य) घेतलात, तर पाच महिन्यांतले जवळपास सगळे शनिवार-रविवार तुमचे. पहाटे चारला उठून घरापासून अर्ध्या तासावर मचाणावर चढायचं आणि दुपारी मुलांच्या सॉकरला हजर राहायचं, हे खरंच जमतं. मात्र परमिट सीझनचं परमिट प्रत्येक झोनचं आणि प्रत्येक हत्याराचं वेगळं असतं. राज्याची नियमपुस्तिका, म्हणजे डायजेस्ट, नीट वाचल्याशिवाय खरेदी करू नका.

पेनसिल्व्हेनियाचा जीव रायफल सीझनमध्ये आहे. पूर्वी तो थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सुरू व्हायचा. ग्रामीण भागातल्या कित्येक शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. २०१९ पासून सुरुवात शनिवारी होते. सीझन साधारण दोन आठवड्यांचा. रविवारची जुनी बंदी २०२० मध्ये तीन रविवारांपुरती सैल झाली, आणि २०२५ च्या कायद्याने ती उठवली. आता कोणते रविवार खुले हे गेम कमिशन ठरवतं. धनुष्याचा सीझन तिथेही शरद ऋतूत आहेच, आणि नाताळनंतर फ्लिंटलॉकचा एक खास सीझन असतो. गारगोटीच्या ठिणगीने दारू पेटवणारी जुन्या काळाची बंदूक, १९७४ पासून चालत आलेली परंपरा. पहिल्या वर्षी तिच्या वाटेला जाऊ नका, पण ती एकदा बघावी.

हत्याराचा फरक नवख्याला सर्वात उशिरा कळतो. न्यू जर्सीत हरणावर सेंटरफायर, म्हणजे नेहमीची मोठ्या काडतुसाची, रायफल चालत नाही. शॉटगन, मझलोडर किंवा धनुष्य, एवढंच. दाट वस्तीत लांब जाणारी गोळी नको, हे कारण उघड आहे. पेनसिल्व्हेनियात रायफल चालते, पण हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक नाही. घरांपासूनचं अंतर दोन्हीकडे एकच आहे, फक्त एक राज्य फुटांत लिहितं आणि दुसरं यार्डांत: बंदुकीसाठी ४५० फूट, धनुष्यासाठी १५० फूट, त्याच्या आत असेल तर तिथे राहणाऱ्यांची परवानगी.

व्हिसावर असाल तर हा परिच्छेद दोनदा वाचा. एच-१बीसारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला मनाई आहे. अमेरिकेत दिलेलं वैध शिकारीचं लायसन्स जवळ असेल तर त्याला अपवाद आहे. याचा अर्थ, लायसन्सची मुदत संपली की अपवादही संपला. ग्रीन कार्डवाल्यांना हा अडथळा नाही. शिवाय न्यू जर्सीत दुकानातून शॉटगन घ्यायला राज्याचं फायरआर्म्स आयडी कार्ड लागतं, आणि त्याला वेळ लागतो. धनुष्य आणि क्रॉसबो या बंदुका नाहीत, म्हणून व्हिसावरच्या मित्रांना मी क्रॉसबोच सुचवतो. दोन्ही राज्यांत ती धनुष्याच्या सीझनमध्ये चालते. बंदूक घ्यायचीच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला.

हंटर एज्युकेशनचा कोर्स दोन्हीकडे लागतो. न्यू जर्सीत शॉटगन आणि धनुष्य यांचे दाखले वेगवेगळे आहेत. पेनसिल्व्हेनियाचा साधा कोर्स करून न्यू जर्सीचं धनुष्याचं लायसन्स मागितलं तर मिळणार नाही. म्हणून कोर्स न्यू जर्सीतच करा, दोन्ही दाखले घ्या. पेनसिल्व्हेनिया ते मान्य करतं.

पैशांबद्दल थोडक्यात. पेनसिल्व्हेनियाचं साधं लायसन्स तिथल्या प्रौढ रहिवाशाला २०.९७ डॉलर आणि बाहेरच्याला १०१.९७ डॉलर. त्यात एक शिंगाळा नर येतो. मादीसाठी वेगळं लायसन्स लागतं, बाहेरच्याला २६.९७ डॉलर. ते प्रत्येक वाइल्डलाइफ मॅनेजमेंट युनिटला, म्हणजे राज्याच्या एकेका विभागाला, मोजून दिलेलं असतं. विक्री उन्हाळ्यात सुरू होते, आधी रहिवाशांना, मग बाहेरच्यांना, आणि मागणी असलेली युनिट्स संपून जातात. ऑक्टोबरात जागे झालात तर हाती फक्त नराचा परवाना राहील. मग पंचाईत होते, कारण २००२ पासून तिथे बहुतेक ठिकाणी नराच्या शिंगाला एका बाजूला किमान ३ टोकं लागतात. पहाटेच्या धूसर उजेडात, बीच झाडांच्या फांद्यांआड, ८० यार्डांवर ती टोकं मोजणं नवख्याच्या आवाक्यातलं नाही. जो मोजू शकत नाही त्याने चाप ओढू नये. म्हणून मादीचं लायसन्स आधी, बाकीचं नंतर.

जागेच्या बाबतीत पेनसिल्व्हेनियाला तोड नाही. १५ लाख एकरांहून जास्त स्टेट गेम लँड्स, वर २२ लाख एकर स्टेट फॉरेस्ट. गाडी लावली, कड चढून गेलात की दिवसभर दुसरं माणूस दिसू नये असं जंगल. रायफल सीझनमध्ये डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच झगझगीत नारिंगी अंगावर हवाच. न्यू जर्सीतही साडेतीन लाख एकरांहून जास्त वाइल्डलाइफ मॅनेजमेंट एरिया आहेत, पण शनिवारी तिथलं पार्किंग पहाटे पाचला भरलेलं असतं. न्यू जर्सीत खरी किल्ली म्हणजे एखाद्या शेतकऱ्याची परवानगी. सोयाबीन आणि मक्याचं नुकसान झालेला माणूस ऐकून घेतो. मला मिळालेली जागा जेमतेम सहा एकरांची होती. जुलैमध्ये जाऊन त्या बाईंच्या कुंपणाला दोन शनिवार हात लावला, मग त्यांनीच विचारलं, ‘डिसेंबरात येणार का?’

आमिषाचा नियम दोन्हीकडे उलटा आहे. न्यू जर्सीत मका टाकून हरणाला जवळ आणायला परवानगी आहे. पेनसिल्व्हेनियात, आग्नेय भागातला परवान्याचा अपवाद सोडला, तर तो गुन्हा, आणि आमिष पूर्ण काढल्यावरही तिथे ३० दिवस शिकार नाही. काहींना मका टाकणं कमीपणाचं वाटतं. माझं मत वेगळं आहे: छोट्या तुकड्यावर, घरांच्या जवळ, हरीण वीस यार्डांवर आडवं उभं असेल आणि बाण खांद्यामागे नेमका जाणार असेल, तर ते जनावराच्या दृष्टीनेही चांगलं. जखमी हरीण शेजाऱ्याच्या अंगणात जाऊन पडण्यापेक्षा हे बरं.

तर माझा सल्ला असा. व्हिसावर आहात, लहान मुलं आहेत, किंवा सबंध आठवडा मोकळा मिळत नाही: न्यू जर्सी, क्रॉसबो, घराजवळचा एक झोन. मे महिन्यापासून दर आठवड्याला नेमाचा सराव करा, सप्टेंबरात पहिली मादी. ज्याला रायफल हवी आहे, सोबत जाणता जोडीदार आहे आणि थँक्सगिव्हिंगची सुट्टी जंगलात घालवायची तयारी आहे, त्याने पेनसिल्व्हेनियात जावं. मात्र जूनमध्येच मादीच्या लायसन्सची तारीख कॅलेंडरवर लिहावी. दोन्ही राज्यं एकाच वर्षी करू नका. पहिल्या वर्षी एकाच जंगलाच्या वाटा पाठ झाल्या पाहिजेत.

आणि पेनसिल्व्हेनियात हरीण मिळालं, तर घरी आणण्याची तयारी आधी करा. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा रोग तिथे २०१२ मध्ये पहिल्यांदा सापडला, म्हणून अशा राज्यांतून अख्खं धड न्यू जर्सीत आणायला बंदी आहे. हाडं काढलेलं मांस चालतं. मी आता पलीकडेच, गाडीच्या मागच्या फळीवर प्लॅस्टिक अंथरून, हेडलॅम्पच्या उजेडात मांस सोडवतो. कण्याच्या दोन्ही बाजूंच्या लांब पट्ट्या आधी, मग मांड्या, मग खांद्याचं मांस कीम्यासाठी वेगळं. थंडीत बोटं बधिर होतात, सुरी सारखी पुसावी लागते, आणि पहिल्यांदा दीड-दोन तास सहज जातात. विकायचं नसतं, विकणं बेकायदा आहे. जास्त झालं तर पेनसिल्व्हेनियात ‘हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट’ आणि न्यू जर्सीत ‘हंटर्स हेल्पिंग द हंग्री’ ते अन्नपेढ्यांपर्यंत पोचवतात. पाठीची पट्टी मात्र घरी ठेवा. त्या मांसात चरबी नसते, म्हणून दह्यात रात्रभर, मग मालवणी मसाला आणि भरपूर तेलावर, झाकण न ठेवता.