संस्थेची ऑर्डर हातात आली तरी जावक क्रमांक तपासल्याशिवाय पैसे मोजू नका

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत डी.एड. किंवा बी.एड. झालेला मुलगा घरात असला की खाजगी शिक्षण संस्थेच्या शाळेतील नोकरीचा निरोप घेऊन कोणी ना कोणी दारात येतोच. अशाच एका नोकरीपोटी माझ्या कुटुंबाकडून 11 लाख रुपये घेण्यात आले, माझ्याकडून आठ वर्षे जवळजवळ बिनपगारी काम करून घेण्यात आले, आणि शेवटी माझ्या नावाची मान्यता शिक्षण विभागाने कधी दिलेलीच नव्हती असे निष्पन्न झाले. प्रकरण न्यायालयात असल्यामुळे संस्थेचे आणि माणसांचे नाव येथे लिहीत नाही. हा व्यवहार कसा रचला जातो आणि कोणता कागद कोठे तपासता येतो, एवढे मात्र सविस्तर लिहितो.

बी.ए. झाल्यावर काही वर्षे मी बियाण्यांच्या दुकानात काम केले आणि नंतर डी.एड. केले. निकाल लागला तो 2012 च्या जुलैमध्ये, म्हणजे नेमका शासनाने 2 मे 2012 च्या निर्णयाने शिक्षक भरतीवर बंदी घातल्यानंतर. गावोगावी अध्यापक विद्यालये निघाली होती, पदविकाधारकांची संख्या वाढतच होती आणि भरती मात्र थांबली होती. त्यात 13 फेब्रुवारी 2013 नंतरच्या नियुक्त्यांना शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) सक्तीची झाली. सरळ मार्ग असा बंद झाला की दलालांचा भाव वाढतो.

आमच्याकडे आलेले गृहस्थ दूरच्या नात्यातले, एका शाळेतून निवृत्त झालेले लिपिक होते. ‘काम पक्कं शे भाऊ, तू फक्त पैसानी सोय कर,’ असे त्यांनी वडिलांना ओट्यावर बसून सांगितले, आणि त्यांच्या शब्दावर विश्वास बसण्याचे कारणही होते, कारण त्यांनी पूर्वी लावून दिलेले दोघे जण खरोखरच अनुदानित पदावर पगार घेत होते. ही गोष्ट मुद्दाम सांगतो. सगळेच खोटे असते तर हा धंदा एका हंगामात बसला असता. चार-दोन जणांचे काम खरोखर होते, आणि त्यांच्याकडे बोट दाखवून पुढच्या दहा जणांकडून पैसे घेतले जातात.

पैशाची विभागणी तीन हप्त्यांत होती: रुजू होण्यापूर्वी पाच लाख, नियुक्तीची ऑर्डर मिळाल्यावर तीन लाख आणि मान्यता आल्यावर उरलेले. त्यासाठी एक एकर कोरडवाहू विकले, सोसायटीचे कर्ज काढले आणि एका वर्षीच्या कापसाचा सगळा पैसा त्यात गेला. पावती फक्त 51,000 रुपयांची मिळाली, तीही वडिलांच्या नावाने, ‘इमारत निधीस ऐच्छिक देणगी’ अशी. पुढे हीच पावती संस्थेने आपल्या बचावासाठी पुढे केली: त्यांनी तर शाळेला स्वखुशीने देणगी दिली आहे, त्यात नोकरीचा संबंध कोठे आला?

मी रुजू झालो 2014 च्या जूनमध्ये. ऑर्डर मात्र 13 जून 2011 ची होती. मी विचारले तेव्हा मुख्याध्यापकांनी शांतपणे सांगितले, ‘सर, मागची तारीख सगळ्यांचीच टाकावी लागते, त्याशिवाय मान्यता मिळत नाही.’ या एका तारखेत दोन अडथळे ओलांडलेले होते: ती भरतीबंदीच्या आधीची होती आणि पात्रता परीक्षेच्या सक्तीच्याही आधीची होती. पण त्याच तारखेला मी डी.एड.च्या वर्गात विद्यार्थी म्हणून बसत होतो, आणि माझी गुणपत्रिका त्यानंतर तेरा महिन्यांनी निघाली. म्हणजे ज्या दिवशी शिक्षण सेवक म्हणून माझी नियुक्ती दाखवली होती त्या दिवशी माझ्याकडे त्या पदाची पात्रताच नव्हती, आणि हे कोणत्याही अधिकाऱ्याने दोन कागद शेजारी ठेवले असते तर पाच मिनिटांत दिसले असते. मागील तारखेची ऑर्डर उमेदवाराच्या सोयीसाठी असते असे सांगितले जाते. प्रत्यक्षात तिच्यामुळे उमेदवार कायमचा संस्थेच्या मुठीत जातो, कारण तक्रार केली तर पहिला खोटा कागद त्याच्याच हातात सापडतो.

शाळेतील हजेरीची व्यवस्था तर पाहण्यासारखी होती. शिक्षक दालनात टेबलावर नेहमीचे मस्टर असे आणि त्यावर मान्यताप्राप्त शिक्षक सह्या करीत. मान्यता नसलेल्या आम्हा तिघांसाठी मुख्याध्यापकांच्या खणात दोनशे पानी वही होती. रेघा हाताने मारलेल्या, वर महिन्याचे नाव, आणि पहिल्या पानावर शाळेचा शिक्का मुद्दाम न उमटवलेला. तिला ‘कच्चे मस्टर’ म्हणत. ‘मान्यता आली की एका बैठकीत सगळे पक्क्यात उतरवू’ असे सांगितले जाई. तपासणीचे पथक येणार असले की आदल्या संध्याकाळी शिपाई निरोप देत असे, आणि त्या दिवशी आम्ही रजा न टाकताच घरी राहत असू. वर्ग, परीक्षा, पोषण आहाराचे वाटप, स्नेहसंमेलन, पालकांच्या भेटी ही सर्व कामे आमच्याकडे होती. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या शासकीय माहिती नोंदीत, शाळेची जी शिक्षकसंख्या भरली जात होती तिच्यात मात्र आम्ही नव्हतो. मानधन म्हणून दिवाळीला आणि मार्चअखेर तीन-चार हजार रुपये पाकिटात मिळत.

गावात मला ‘सर’ म्हणत होते. माझे लग्नही याच नोकरीवर ठरले. बायोडाटात ‘अनुदानित शाळेत शिक्षक, मान्यता प्रक्रियेत’ असे लिहिले होते आणि मुलीकडच्या लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही, कारण आमच्या भागात निम्म्या बायोडाटांवर असेच काहीसे लिहिलेले असते.

2017 च्या दिवाळीनंतर मला ‘वैयक्तिक मान्यता आदेश’ दाखवण्यात आला. त्यावर शिक्षण विभागाचे नाव, जावक क्रमांक (पत्र कार्यालयातून बाहेर जाताना नोंदवहीत पडतो तो क्रमांक), गोल शिक्का आणि सही होती, आणि दिनांक होता 8 ऑक्टोबर 2011. झेरॉक्स माझ्या हाती दिली, मूळ प्रत ‘शालार्थच्या (शासनाच्या ऑनलाइन पगार प्रणालीच्या) प्रस्तावाला लावायची आहे’ म्हणून ठेवून घेतली आणि उरलेले तीन लाख त्याच आठवड्यात घेतले. त्यांपैकी दोन लाख अध्यक्षांच्या पुतण्याच्या बँक खात्यावर पाठवायला लावले.

त्याच सुमारास शिक्षक भरतीसाठीचे शासनाचे पवित्र पोर्टल सुरू झाले होते आणि डिसेंबर 2017 मध्ये शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, म्हणजे टेट, पहिल्यांदा घेण्यात आली. मी अर्ज भरायला निघालो होतो. ‘तुमची मान्यता झालेली आहे, उगाच पोर्टलवर नाव आले तर शालार्थच्या वेळी दोन ठिकाणी नोंद दिसेल,’ असे सांगून मला थांबवण्यात आले. हे कारण साफ खोटे होते. त्याआधी टीईटीच्या बाबतीतही ‘तुमची ऑर्डर 2011 ची, तुम्हाला ती लागूच नाही’ हेच ऐकवले गेले होते. पैसे कदाचित वसूल होतील, पण खुल्या प्रवर्गाची 38 वर्षांची वयोमर्यादा ओलांडल्यानंतर त्या परीक्षा परत मिळत नाहीत, आणि माझ्या मते या व्यवहारातील सर्वांत मोठी चोरी हीच आहे.

उलगडा झाला तो 2021 मध्ये. पगार सुरू होण्यासाठी लागणारा शालार्थ आयडी विभागीय पातळीवर, आमच्याकरिता नाशिकच्या उपसंचालक कार्यालयातून मिळतो. तो प्रस्ताव वर्षानुवर्षे ‘त्रुटीत’ असल्याचे सांगितले जात होते. अखेर मी माहितीच्या अधिकारात दोनच गोष्टी मागितल्या: माझ्या मान्यता आदेशावरील जावक क्रमांकाच्या नोंदीची प्रत आणि शाळेच्या त्या वर्षीच्या संचमान्यतेची, म्हणजे शाळेला मंजूर असलेल्या शिक्षकपदांच्या आदेशाची, प्रत. अर्जाला दहा रुपयांचे शुल्क लागते आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. उत्तर आले त्यात त्या जावक क्रमांकासमोर शिष्यवृत्ती परीक्षेच्या केंद्राविषयीच्या पत्राची नोंद होती. संचमान्यतेत मी शिकवत होतो ते पदच मंजूर नव्हते. आणि त्या कार्यालयातील एका वयस्कर लिपिकाने झेरॉक्स हातात घेऊन आणखी एक गोष्ट दाखवली, जी माझ्या कधी लक्षात आली नसती: 8 ऑक्टोबर 2011 हा दुसरा शनिवार होता. त्या काळी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी शासकीय कार्यालये बंद असत.

संस्थेला जाब विचारल्यावर दुसऱ्या दिवसापासून मला वर्गावर जाऊ दिले नाही. लेखी काहीच दिले नाही. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांसाठी 1977 चा सेवाशर्ती अधिनियम आहे आणि सेवासमाप्तीविरुद्ध तीस दिवसांत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. मात्र मंजूर पद, बिंदुनामावली (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे याची नोंद) आणि जाहिरात यांपैकी काहीच नसताना झालेली नियुक्ती तेथे टिकवणे फार अवघड आहे, असे वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न विचारला गेला तो ‘पैसे कशासाठी दिले?’ हा. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणेही स्वतंत्र गुन्हा आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत कळवले पाहिजे, अशी तरतूद आहे. दलाल हीच भीती घालून लोकांना गप्प बसवतात. आमचा गुन्हा फसवणूक आणि बनावट दस्तऐवज या कलमांखाली 2022 मध्ये नोंदला गेला, तो मुख्यतः पुतण्याच्या खात्यावर गेलेल्या दोन लाखांमुळे आणि त्या जावक नोंदीमुळे. रोख दिलेल्या नऊ लाखांचा पुरावा म्हणजे शेताचे खरेदीखत आणि सोसायटीचा कर्ज उतारा, एवढाच काय तो.

ज्यांच्याकडे आजही असा निरोप येत असेल त्यांनी पैशाची बोलणी करण्याआधी संस्थेकडे त्या शाळेची चालू वर्षाची संचमान्यता मागावी आणि आपले पद तिच्यात रिक्त दिसते का ते पाहावे. मागासवर्ग कक्षाने तपासलेली बिंदुनामावली आणि पदभरतीची परवानगी मागावी. अनुदानित आणि अंशतः अनुदानित पदांची भरती आता, अल्पसंख्याक संस्थांचा अपवाद सोडला तर, पवित्र पोर्टलवरूनच होते. तेव्हा टेटचे गुण न विचारता थेट ऑर्डर देऊ करणारी संस्था तुम्हाला नोकरी देऊच शकत नाही. ‘विनाअनुदानित तुकडीवर घ्या, 20 टक्के अनुदान आले की आपोआप सामावले जाल’ या आश्वासनातील ‘आपोआप’ तर मुळीच खरे मानू नये. अनुदानाचा टप्पा मान्यता असलेल्या पदाला मिळतो, कच्च्या मस्टरवरील माणसाला मिळत नाही.

मागच्या तारखेची ऑर्डर घेऊन टीईटी चुकवता येते, हा समजही आता सोडून द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने 1 सप्टेंबर 2025 रोजी दिलेल्या निर्णयानुसार, सेवेची पाच वर्षांहून अधिक वर्षे शिल्लक असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागणार आहे. पैसे देऊन परीक्षाच पास करून देणाऱ्यांचे काय झाले हेही आपण पाहिले आहे: 2019-20 च्या टीईटीतील गैरप्रकारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवार अपात्र ठरवले गेले. आणि 2025 मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे प्रकरण उघडकीस आल्यावर अधिकाऱ्यांना अटक झाली, म्हणजे आयडी मिळून पगार सुरू झाला तरी माणूस सुटला असे म्हणता येत नाही.

सध्या मी एका खाजगी शिकवणीत गणित शिकवतो. खटला तारखांवर चालू आहे. तक्रार करणाऱ्यांना एक व्यावहारिक सूचना करतो: पोलिसांकडे मूळ कागद सुपूर्द करण्यापूर्वी प्रत्येक पानाची, मागची बाजू धरून, प्रत काढावी आणि तिच्यावर पोच घ्यावी. माझ्या नियुक्तीच्या ऑर्डरच्या पाठीमागे दुसऱ्या हप्त्याची रक्कम आणि तारीख मध्यस्थाच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेली होती; ऑर्डर जप्त मुद्देमालात आहे, पण पंचनाम्यात फक्त पुढची बाजू नोंदली गेली असून मागच्या बाजूची प्रमाणित प्रत मिळावी यासाठीचा आमचा अर्ज अजून न्यायालयात प्रलंबित आहे.