पेठांमधली सायकल आणि वॉटर ब्रश : वर्षभराच्या वापरानंतरचे मत

रविवारी सकाळी पुण्याच्या पेठांमधून सायकलने फिरायचे आणि एखादी जागा मनात भरली की तिथेच उतरून ती जलरंगात रंगवायची, हा माझा गेल्या वर्षभराचा परिपाठ आहे. सगळे सामान हँडलला अडकवलेल्या पिशवीत मावायला हवे, म्हणून पाण्याचे भांडे आणि ब्रशांची जुडी घरी ठेवून मी दांडीतच पाणी भरता येणारा, नायलॉनच्या केसांचा मध्यम जाडीचा वॉटर ब्रश घेतला.

कसबा पेठेच्या अरुंद गल्लीत तो खरा उपयोगी पडला. सायकल भिंतीला टेकवून, रंगपेटी सीटवर उघडून आणि वही हातात धरून उभ्याउभ्या रंगवता येते, कारण दांडी हलकेच दाबली की पाणी टोकाशी येते आणि रंग बदलताना टोक फडक्यावर पुसले की काम भागते. सोमवार पेठेतील त्रिशुंड गणपतीच्या दर्शनी भिंतीवर साखळदंडाने बांधलेला गेंडा कोरलेला आहे. तो रंगवताना या ब्रशाचे टोक इतके नेमके चालले की वेगळ्या बारीक ब्रशाची आठवणही झाली नाही. तिथल्या काळ्या पाषाणासाठी मी तयार काळा रंग कधीच वापरत नाही, अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग एकत्र करते. टोकातून पाणी सतत झिरपत असल्याने हे मिश्रण कडेकडेला आपोआप फिके होत जाते आणि झिजलेल्या दगडाचा पोत कागदावर अलगद उतरतो.

हेच झिरपणे इतरत्र मात्र आड येते. 1886 मध्ये सुरू झालेल्या महात्मा फुले मंडईच्या अष्टकोनी मनोऱ्यामागचे आकाश मी तीनदा रंगवले आणि तिन्ही वेळा त्यावर पट्टे उमटले, कारण हा ब्रश एका वेळी फारच थोडा रंग धरतो आणि एप्रिलच्या कोरड्या हवेत दुसरा हात फिरेपर्यंत पहिला वाळलेला असतो. विश्रामबागवाड्याच्या कोरीव लाकडी सज्जाखालची दाट सावलीही मनासारखी साधत नाही. केस फडक्यावर कितीही टिपले, तरी थोड्याच वेळात रंग पुन्हा पातळ होतो.

गळतीबद्दलही सांगायला हवे. पिशवीत आडवा ठेवलेला ब्रश खड्ड्यांच्या धक्क्यांनी दाबला जातो आणि उन्हात दांडीतली हवा प्रसरण पावून पाणी बाहेर ढकलते; माझी एक वही अशीच भिजली. टोक वर करून उभा ठेवला तर पाण्याऐवजी हवाच बाहेर पडते, म्हणून मी पिशवीच्या आतल्या बाजूला त्यासाठी एक उभा कप्पा शिवून घेतला आहे.

वर्षभरानंतर केसांना निळसर छटा आली असली, तरी टोक अजून विस्कटलेले नाही. वाडे, दरवाजे आणि कोरीवकाम रंगवणाऱ्यांनी हा ब्रश निःशंकपणे घ्यावा. आकाश किंवा नदीपात्र रंगवायचे असेल, तर सोबत अर्धा इंची चपटा ब्रश आणि झाकणाची लहान डबी ठेवावी.