सुएझ १९५६ आणि इराक २००३: अमेरिकी ताकदीच्या दोन तऱ्हा

१९५६ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स इजिप्तवर तुटून पडले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी सैन्य पाठवलं नाही, ब्रिटनची नस दाबली. पौंड घसरत असताना आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची मदत अडवून धरली. ६ नोव्हेंबरला, अमेरिकेत मतदान चालू असतानाच, लंडनने युद्धबंदी मान्य केली. जानेवारीत पंतप्रधान ईडन पायउतार झाले.

२००३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेची स्पष्ट संमती नसताना, फ्रान्स-जर्मनीचा विरोध डावलून इराकची राजधानी बगदाद घेतलं. ज्या संहारक अस्त्रांसाठी युद्ध छेडलं, ती सापडलीच नाहीत.

मला आयझेनहॉवर यांचीच वाट पटते. मित्रांनाही रोखायची धमक त्यांच्यात होती. मात्र सुएझच्या त्याच आठवड्यात सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले, तेव्हा हंगेरीच्या मदतीला तेही धावले नाहीत.